‘परत येईल का?’ : कॅन्सरच्या भीतीवरील ऑनलाइन कार्यक्रमांचे एक परीक्षण



शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांचे प्रस्ताव दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये माझ्या टेबलावर येतात. त्यांत एक प्रस्ताव ठरलेला असतो : कॅन्सरच्या रुग्णांना आधार देणारे मोबाइल ॲप. त्यात लॉगिन, औषधांची आठवण, रोज एक सुविचार आणि मनःस्थिती नोंदवण्यासाठी हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची पट्टी असते. हल्ली त्यात चॅटबॉटही असतो. मी अनेक वर्षे असे प्रस्ताव मंजूर करत आलो. कोड चालला, अहवाल वेळेवर बांधून आला, की गुण दिले. हे ॲप वापरून कोणाची कोणती भीती कशी कमी होणार, हे तोंडी परीक्षेत मी कधी विचारले नाही.

तो न विचारलेला प्रश्न या टिपणाचा विषय आहे. व्याप्ती मुद्दाम लहान ठेवली आहे. उपचार संपल्यावर ‘तो परत येईल का’ आणि उपचार चालू असताना ‘तो वाढेल का’ ही जी भीती रुग्णाच्या मनात राहते, तिच्यावर इंटरनेटवरून जी मदत दिली जाते तिचे आपण परीक्षण करू. पुस्तकाचे किंवा नाटकाचे करतात तसेच हे परीक्षण आहे. काय करायचे ठरवले होते, ते साधले का, आणि साधले नसेल तर कुठे अडले, एवढे पाहायचे. मी डॉक्टर नाही आणि मानसशास्त्रज्ञही नाही. मानव-संगणक आंतरक्रिया हा वैकल्पिक विषय शिकवणारा शिक्षक आहे. तेव्हा माझे म्हणणे रचना आणि पुरावा या दोन बाबींपुरतेच धरा. कोणाला नवी गाठ, नवे दुखणे किंवा नवा रक्तस्राव जाणवत असेल, तर हे टिपण बाजूला ठेवून त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा.

भीती कोणती?

या भीतीची एकमताने ठरवलेली व्याख्या 2016 साली प्रसिद्ध झाली. तिचा आशय असा : कॅन्सर परत येण्याच्या किंवा वाढण्याच्या शक्यतेविषयी वाटणारी भीती, चिंता किंवा काळजी. व्याख्येत ‘आजार’ किंवा ‘विकार’ असा शब्द नाही, हे लक्षात घ्या. ज्याच्या शरीरात एकदा कॅन्सर निघाला त्याला तो पुन्हा निघेल असे वाटणे हा वेडेपणा नव्हे. शक्यता खरी असते. म्हणून ‘उगाच कशाला घाबरता?’ हे आपले नेहमीचे वाक्य इथे लागू पडत नाही. घाबरण्याला कारण आहे. त्या घाबरण्याने रोजचे जगणे किती अडते, एवढेच पाहायचे असते.

हे मोजण्यासाठी कॅनडातील सेबास्टियन सिमार आणि जोझे सावार यांनी 42 प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. ती 2009 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील नऊ प्रश्नांचा छोटा भाग स्वतंत्रपणेही वापरतात. त्याचे गुण 0 ते 36 असतात. 2022 मध्ये एका मोठ्या विश्लेषणात 46 अभ्यासांतील 9,311 व्यक्तींची माहिती एकत्र केली गेली. त्यात सुमारे 59 टक्के लोकांना 13 किंवा अधिक गुण होते आणि सुमारे 19 टक्के लोकांना 22 किंवा अधिक. म्हणजे साधारण पाचांत एका माणसाची भीती तीव्र म्हणावी अशी आहे. तुमच्या वसतिगृहाच्या एका मजल्यावर राहणाऱ्या मुलामुलींच्या घरांत मिळून असे एखादे माणूस सहज निघेल.

जर्मनीत हाच विषय थोड्या वेगळ्या बाजूने हाताळला गेला. म्युनिकच्या पेटर हेर्शबाख यांच्या गटाने 2005 मध्ये ‘आजार वाढण्याची भीती’ मोजणारी प्रश्नावली तयार केली, ती कॅन्सरबरोबरच मधुमेह आणि संधिवाताच्या रुग्णांनाही विचारून. या फरकाकडे आपण पुढे परत येऊ, कारण ॲप बनवणारे तो हमखास विसरतात.

आधी भाषेचे बोलू. इंग्रजीतील ‘फिअर’ आणि ‘वरी’ यांचे मराठी करताना तुम्ही ‘भीती’ आणि ‘काळजी’ लिहाल. पण ‘मला तुझी काळजी आहे’ यातली काळजी ही माया आहे. सोलापूरकडची बाई ‘मला भीती वाटते’ असे सहसा म्हणणार नाही. ती ‘घोर लागलाय’ म्हणेल, ‘धसका बसलाय’ म्हणेल, किंवा नुसते ‘झोप नाही’ म्हणेल. शून्य ते चारच्या मापावर ‘भीती’पुढे ती शून्याला खूण करेल आणि रात्रभर जागी राहील. बेळगाव, इंदूर, वडोदरा इथल्या मराठी घरांत आणखी वेगळे शब्द असतील. प्रश्नावलीचे भाषांतर मशीनकडून करून घेतले आणि काम झाले, असे ज्यांना वाटते त्यांनी या ठिकाणी थोडे थांबावे.

ताईची तपासणी

माझ्या थोरल्या बहिणीचे स्तनाच्या कॅन्सरचे उपचार होऊन काही वर्षे झाली. दर सहा महिन्यांनी तिची तपासणी असते. तपासणीच्या आधीचे तीन आठवडे घरात कोणी काही बोलत नाही, पण सगळ्यांना कळते. फाइल कपाटातून निघून उशाशी येते. ती दिवसातून दहा-बारा वेळा काखेत आणि गळ्याशी हात लावून बघते. मग सुनेला बोलावते, ‘इथं काही लागतंय का बघ गं.’ सून म्हणते, ‘काही नाही, आई.’ तासभर बरे जाते. पुन्हा हात काखेत जातो. नातवाच्या फोनवर ती काहीतरी शोधायला लावते आणि दोन ओळी वाचून झाल्या की ‘बंद कर’ म्हणते. गेल्या दिवाळीत तिने साडी घेतली नाही. कारण विचारले तर म्हणाली, ‘रिपोर्ट येऊ दे, मग बघू.’

हे वर्णन मी सहानुभूतीसाठी केलेले नाही. या भीतीची यंत्रणाच त्यात दिसते. संशय येतो, हात लावून बघितले जाते, क्षणभर हायसे वाटते, आणि त्या हायसे वाटण्यामुळेच पुन्हा बघण्याची सवय पक्की होते. ज्यांनी मायक्रोप्रोसेसर शिकला आहे त्यांना पोलिंग आठवेल. प्रोसेसर सारखा ‘काही आले का, काही आले का’ विचारत राहतो आणि दुसरे काम होत नाही. शिवाय इतक्या वेळा दाबले की जागा दुखू लागते, आणि ते दुखणेच नवा संकेत होऊन बसते. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ठरावीक दिवशी स्वतःची तपासणी करणे आवश्यक आहे. दिवसातून बारा वेळा करणे ही तपासणी राहत नाही.

ऑस्ट्रेलियात फिलिस ब्यूटो यांच्या गटाने ‘कॉन्करफिअर’ नावाचा एक कार्यक्रम आखला. त्यात नेमके या चक्रावर काम केले जाते. लक्ष एका धोक्यावर खिळलेले असते, ते हलवण्याचा सराव असतो. विचार आला की त्याच्याशी वाद न घालता त्याला जाऊ देणे असते. किती वेळा आणि कधी तपासायचे याचा वाजवी नियम ठरवला जातो. आणि ‘रिपोर्टनंतर बघू’ म्हणून बाजूला ठेवलेल्या गोष्टींकडे परत जाणे असते. साडी, समजा. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 222 जण होते. अर्ध्यांच्या वाट्याला हा कार्यक्रम आला, अर्ध्यांच्या वाट्याला विश्रांतीचे प्रशिक्षण. भीती दोन्हींकडे उतरली, पण पहिल्या गटात जास्त उतरली. मात्र हे सारे समोरासमोर, प्रशिक्षित माणसाबरोबर पाच बैठकींत झाले होते.

आता आपल्यासारख्या अभियंत्यांच्या मनात लगेच येते, की हेच वेबसाइटवर टाकले तर? व्हिडिओ आहेत, सराव आहेत, रोजनिशी आहे. माणूस महाग आहे, सर्व्हर स्वस्त आहे. असे प्रयत्न खरोखर झाले आहेत. त्यांतले तीन शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत.

तीन चाचण्या, एकाशेजारी एक

पहिली नेदरलँड्समधली, नाव ‘स्वॉर्ड’, 2017. स्तन, प्रोस्टेट किंवा मोठ्या आतड्याचा कॅन्सर होऊन गेलेले आणि भीती जास्त असलेले 88 जण घेतले. त्यांतल्या निम्म्यांना नेहमीची देखभाल मिळाली. बाकीच्यांना संमिश्र उपचार मिळाला : मानसोपचार करणाऱ्या व्यक्तीबरोबर पाच प्रत्यक्ष भेटी, मध्ये तीन छोटे ऑनलाइन सल्ले, आणि घरी सरावासाठी वेबसाइट किंवा वही. निकाल चांगला आला. संमिश्र उपचाराच्या गटातील भीती स्पष्टपणे कमी झाली.

दुसरीही नेदरलँड्समधलीच, नाव ‘केअरेस्ट’, 2020. यात स्तनाच्या कॅन्सरचे उपचार पूर्ण झालेल्या 262 स्त्रिया होत्या. त्यांतल्या 130 जणींना ऑनलाइन स्वयं-साहाय्य प्रशिक्षण दिले आणि 132 जणींना नेहमीची देखभाल. प्रशिक्षण त्याच विचारपरंपरेवर, म्हणजे बोधात्मक-वर्तनोपचारावर आधारलेले होते. मजकूर जाणकारांनी लिहिलेला होता. पलीकडे माणूस मात्र नव्हता. निकालात दोन गटांत फरक आढळला नाही. संशोधकांनी शोधनिबंधाच्या शीर्षकातच ‘परिणाम नाही’ असे लिहिले. हा प्रामाणिकपणा तुमच्या प्रकल्प-अहवालात मला एकदा तरी वाचायला मिळावा, अशी माझी फार इच्छा आहे. आपल्याकडे प्रत्येक अहवालाचा शेवट ‘प्रणाली यशस्वीरीत्या कार्यान्वित झाली’ असाच असतो.

तिसरी अमेरिकेतली, ‘फॉर्टिट्यूड’, 2021. मला सर्वांत जास्त शिकवले ते हिने. भीती वाढलेल्या, स्तनाच्या कॅन्सरमधून गेलेल्या 196 स्त्रिया यात होत्या. वेबसाइटवर उपचाराचे तीन घटक होते : शरीर सैल सोडण्याचा सराव, विचारांची पुनर्मांडणी, आणि काळजीला सामोरे जाण्याचा सराव. कोणाला यांतले कोणते घटक मिळतील हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवले होते. घटक मिळाला नाही तर त्या जागी सर्वसाधारण आरोग्याची माहिती मिळे. शिवाय काहींना दूरध्वनीवरून मार्गदर्शक मिळाला, काहींना नाही.

काय झाले असेल? सगळ्यांचीच भीती कमी झाली. उपचाराचा घटक मिळालेल्यांची आणि नुसती आरोग्य-माहिती वाचणाऱ्यांची जवळजवळ सारखीच. ज्यांना फोनवर माणूस मिळाला त्यांनी मात्र वेबसाइट जास्त वापरली आणि कार्यक्रम मध्येच सोडून जाण्याचे प्रमाणही त्यांच्यात कमी राहिले.

जरा विचार करा. या चाचणीत नियंत्रण गट नसता, तर निष्कर्ष काय निघाला असता? ‘आमच्या वेबसाइटने भीती कमी झाली.’ आकडे खरे, आलेख उतरता, सगळे पुराव्यासहित, आणि निष्कर्ष चूक. तुमच्यापैकी जे कोणी ‘वापरण्यापूर्वी व वापरल्यानंतर’ अशी दोन सर्वेक्षणे करून स्तंभालेख काढता, त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

माझ्या ताईला ऑक्टोबरमध्ये, तपासणीच्या आदल्या आठवड्यात प्रश्नावली दिली तर तिचे गुण खूप येतील. जानेवारीत, रिपोर्ट चांगला आल्यावर, पुन्हा दिली तर ते उतरतील. मधल्या काळात तिने ॲप वापरले काय किंवा पापड लाटले काय. शिवाय भीती टिपेला असताना निवडलेली माणसे पुढच्या मोजणीत सरासरीकडे सरकतात, त्यांच्यावर काहीही न करता. संख्याशास्त्राच्या तासाला ज्याला आपण माध्याकडे प्रतिगमन म्हणतो आणि परीक्षेपुरते पाठ करतो, ते हेच. तेव्हा मोजणी कधी केली, तपासणीच्या तारखेपासून किती दिवसांवर, हे न सांगणारा कोणताही ‘परिणाम’ मी यापुढे मान्य करणार नाही.

माझा निर्णय आणि त्याविरुद्ध जे म्हणता येईल ते

या तिन्हींवरून माझे मत असे झाले आहे, की माणसाशिवायची वेबसाइट हा माणसासह असलेल्या उपचाराचा लहान डोस नव्हे. ती वेगळीच वस्तू आहे. आपण मात्र दोन्हींना ‘ऑनलाइन आधार’ असे एकच नाव देतो आणि पहिल्याला दुसऱ्याची पुण्याई मिळवून देतो. ‘स्वॉर्ड’चे यश सांगायचे आणि ‘केअरेस्ट’सारखी वस्तू बनवायची, अशी ही हातचलाखी आहे. बहुतेक वेळा ती नकळत होते.

याविरुद्ध काय म्हणता येईल तेही पाहू. पहिले म्हणजे या तीन चाचण्यांची थेट तुलना होत नाही. देश वेगळे, माणसे निवडण्याच्या अटी वेगळ्या, ‘स्वॉर्ड’मध्ये तीन प्रकारचे कॅन्सर तर बाकी दोहोंत एक. तीन वेगवेगळ्या रस्त्यांवर तीन गाड्या चालवून कोणती चांगली ते ठरवण्यासारखे हे आहे. दुसरे म्हणजे समोरासमोरचा उपचारही काही रामबाण नाही. 2019 मध्ये 23 नियंत्रित चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण झाले. त्यात अशा मानसिक उपचारांचा सरासरी परिणाम लहानच निघाला. परिणाम-आकाराच्या मापावर तो 0.33 होता. माणूस आला की भीती पळाली, असे नाही. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो : ‘फॉर्टिट्यूड’मधल्या माणसाने वेबसाइटचा वापर वाढवला, भीती आणखी कमी केली असे नव्हे. म्हणजे ‘वापर वाढला’ याला यश समजू नका, हे ती चाचणी मलाही बजावते. मी माणसाच्या बाजूने झुकलो आहे, पण पुराव्याने जेवढे झुकवले त्याहून थोडा जास्तच झुकलो आहे, हे कबूल करतो.

तरीही एक गोष्ट उरते. ताईला सून जेव्हा ‘काही नाही, आई’ म्हणते, तेव्हा ते तासभर पुरते. मागच्या तपासणीच्या वेळी रुग्णालयातील एका परिचारिकेने तिला सांगितले होते, ‘तुम्ही रोज बघू नका. महिन्यातून एकदा, मी सांगते तसं बघा, आणि काही वाटलं तर मला फोन करा.’ ते वाक्य काही आठवडे पुरले. मजकूर म्हणून पाहिले तर हेच वाक्य कोणत्याही ॲपमध्ये असते. फरक ‘मला फोन करा’मधल्या ‘मला’चा आहे. ताईने फोन केला नाही. करता आला असता, एवढ्यानेच भागले.

आपल्याकडच्या रचनेतल्या चुका

परदेशी कार्यक्रम गृहीत धरतात की रुग्णाचा स्वतःचा फोन आहे, स्वतःची खोली आहे आणि स्वतःच्या आजाराचे नाव त्याला माहीत आहे. आपल्याकडे या तिन्हींची खात्री नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वतः वापरता येईल असा मोबाइल असणाऱ्या स्त्रिया सुमारे 54 टक्के निघाल्या. बाकीच्यांचा ‘वापरकर्ता’ म्हणजे खरे तर मुलगा, नातू किंवा नवरा. तुम्ही पाठवलेली सूचना त्याच्या स्क्रीनवर चमकते. नातू वर्गात बसलेला असताना ‘आज कॅन्सर परत येण्याची भीती किती वाटली?’ असे त्याच्या फोनवर झळकले तर काय होईल, याचा विचार मी तपासलेल्या एकाही प्रकल्पात नव्हता.

नावाचे तर विचारूच नका. अनेक घरांत आजाराचे नाव घेतले जात नाही. ‘गाठ’ म्हणतात, ‘तो आजार’ म्हणतात. म्हाताऱ्या माणसाला निदान सांगितलेलेच नसते. ते बरे की वाईट हा वेगळा वाद आहे, आणि माझे मत सांगण्याच्या बाजूचे आहे. पण ज्या घराने तो निर्णय घेतला आहे तिथे तुमच्या ॲपच्या नावातच ‘कॅन्सर’ असेल, तर तुम्ही तो निर्णय त्यांच्या वतीने मोडलात. आयकॉनखाली कोणता शब्द दिसावा, हे वापरणाऱ्याला ठरवू द्यायला किती ओळींचा कोड लागतो? फार नाही.

सूचनांचेही तसेच. विद्यार्थ्यांना रोजच्या आठवणी फार आवडतात, आणि सलग दिवसांची साखळी, बॅज, गुण. भाषा शिकवणाऱ्या ॲपमध्ये हे ठीक आहे. इथे मात्र तुम्ही अशा माणसाला रोज सकाळी आठवण करून देत आहात, ज्याचे सगळे दुखणेच हे आहे की त्याला विसरता येत नाही. एका गटाने तर ‘आज तुम्ही गाठ तपासली का?’ अशी दैनिक सूचना ठेवली होती आणि ‘हो’ म्हटले की हिरवी खूण. वर सांगितलेले चक्र त्यांनी सॉफ्टवेअरमध्ये बांधून दिले होते, तेही बक्षिसासकट. मी त्यांना चांगले गुण दिले होते, हेही इथे नोंदवतो. वापर मोजणे सोपे असते म्हणून आपण वापराला यश म्हणतो. या विषयात हळूहळू कमी होत जाणारा वापर हे कदाचित बरे वाटण्याचे लक्षण असेल, किंवा कंटाळून सोडून दिल्याचे. डॅशबोर्डवर दोन्ही सारखेच दिसतात. फरक कळायला कोणीतरी विचारावे लागते.

आता हेर्शबाखांकडे परत. ज्यांचे उपचार संपले आहेत त्यांची भीती ‘परत येईल का’ अशी असते. ज्यांचा आजार पसरलेला आहे आणि उपचार तो आवरून धरण्यापुरते आहेत, त्यांची भीती ‘वाढेल का’ अशी असते, आणि अनेकदा तिचे उत्तर होकारार्थी असते. या दोघांना एकच मजकूर देता येत नाही. दुसऱ्या माणसाला ‘तुम्ही जिंकलात!’ असे फटाके उडवणारे चित्र दाखवणे क्रूरपणाचे आहे. त्याला हवे असते ते वेगळे : दुखले तर कोण बघेल, मुलीचे कॉलेज कसे होईल, घरच्यांशी हे कसे बोलावे. त्याच्या भीतीत कामांची एक यादी दडलेली असते, आणि त्यांतली काही कामे करता येण्यासारखी असतात. चॅटबॉट इथे सर्वांत घसरतो. ‘मी समजू शकतो’ असे तो लिहितो. सतराव्यांदा तेच वाचल्यावर माणसाला कळते की पलीकडे कोणी नाही.

खासगीपणाबद्दल थोडक्यात : 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा वाचा. रुग्णाची मनःस्थिती कोणाच्या तरी फुकटच्या क्लाउड खात्यात साठवून ठेवणे हा प्रयोगशाळेतला खेळ नाही.

याचा अर्थ आपल्याकडे ऑनलाइन काही करूच नये असा मी काढत नाही. उलट गरज आपल्याकडेच जास्त आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात देशभरातून माणसे येतात आणि उपचार झाले की शेकडो किलोमीटरवरच्या गावी परत जातात. भीती त्यांच्याबरोबर गावी जाते. तिच्याबद्दल विचारता येईल असे माणूस मागे मुंबईत राहते. हे अंतर दूरध्वनी आणि इंटरनेटनेच भरून निघू शकते. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली. 14416 हा तिचा क्रमांक, तो निःशुल्क आहे आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत तिथे बोलता येते. ती खास कॅन्सरसाठी नाही. पण पलीकडे माणूस असतो. तुमच्या घरात किंवा शेजारी कोणाला गरज असेल तर तो क्रमांक आजच लिहून ठेवा.

या वर्षीचा गट

यंदा चार जणांच्या एका गटाने पुन्हा हाच विषय आणला. त्यांतल्या एका मुलीच्या आईचे उपचार चालू आहेत, हे मला नंतर कळले. मी त्यांना वरचे तीन निकाल वाचायला दिले आणि म्हणालो, आता प्रस्ताव पुन्हा लिहा. पंधरा दिवसांनी ते परत आले तेव्हा प्रस्ताव निम्म्याहून लहान झाला होता. सुविचार गेले, चेहरे गेले, चॅटबॉट गेला. उरल्या तीन गोष्टी. तपासणीच्या दिवशी डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आधी बोलून नोंदवायची सोय. तपासणीची तारीख टाकली की त्या आधीचे तीन आठवडे ओळखणारे एक साधे कॅलेंडर. आणि त्या तीन आठवड्यांत, आठवड्यातून एकदा, एका ठरलेल्या माणसाचा फोन.

तिसऱ्या गोष्टीसाठी ते जवळच्या एका रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेविकेला भेटले. तिने सगळे शांतपणे ऐकले आणि दोनच प्रश्न विचारले. फोनवर बाई रडू लागली तर काय करायचे, हे तुम्हाला कोण शिकवणार? आणि जूनमध्ये तुम्ही पास होऊन गेलात की तो फोन कोण करणार?

पहिल्याचे उत्तर त्यांनी शोधले. तीच शिकवायला तयार झाली, शनिवारी दोन तास. दुसऱ्यासाठी आता खालच्या वर्षातली सहा मुले-मुली नावे द्यायला पुढे आली आहेत. कोड लिहिण्याचे काम अजून सुरू झालेले नाही. प्रकल्प-समितीच्या बैठकीत एका सहकाऱ्याने विचारले, ‘यात इंजिनिअरिंग कुठे आहे?’ मी सेमिस्टरअखेर दाखवतो म्हणून वेळ मागून घेतला आहे.